स्तंभावरची नावं वाचायला पोरांना नेतेय, कसं नेऊ?

सातवीची_बाई

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. माहेर अचलपूरकडचं. इथे येऊन चार वर्षं झाली, पण गावाची जुनी गोष्ट निघाली की मी अजून पाहुणीच असते.

मागच्या १५ ऑगस्टला झेंडावंदनासाठी वर्ग घेऊन पंचायत समितीत गेले होते. आवारात तो दगडी स्तंभ आहे. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात देशभर विकास गटांच्या ठिकाणी उभारले, त्यातलाच. एका बाजूला राज्यघटनेची उद्देशिका, दुसऱ्या बाजूला आपल्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. भाषणं लांबली तशी पोरं ओट्याला टेकली. सहावीतली एक पोरगी बोट फिरवत एक नाव वाचत होती. मधेच वळून म्हणाली, "बाई, यायचं घर कोणतं?" म्हणजे यांचं घर.

मला सांगता आलं नाही. त्याचं नाही आणि खालच्या एकाचंही नाही. परत येताना तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

यंदा एका आनंददायी शनिवारी दोन्ही वर्ग मिळून ३१ पोरं पायी फिरवायचं ठरवलंय. आधी ग्रामपंचायतीसमोरचा शिलाफलक, २०२३ मध्ये 'माझी माती माझा देश'च्या वेळी बसवलेला. मग पाराजवळची जुनी विहीर, तिच्या कठड्यावर देणगीदाराच्या नावाचा दगड आहे. शेवटी तीन किलोमीटरवर पंचायत समितीतला स्तंभ. येताना टेम्पो. मुख्याध्यापकांचा होकार आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय झालाय, पालकांच्या सह्या घेणं चालू आहे.

अडतंय ते वेगळंच. विहिरीवरची अक्षरं झिजलीत आणि शेवटी जे वर्ष आहे ते आपलं इसवी सन वाटत नाही. स्तंभावरची नावं दरवर्षी ऑइल पेंटने रंगवतात, त्यामुळे कोरलेलं कोणतं आणि रंगवलेलं कोणतं तेच समजत नाही. आणि चिमूरच्या १९४२ च्या लढ्याचं किती सांगायचं? शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, "घोषणा, मिरवणूक, गोळीबार इथवर सांगा, पुढे जाऊ नका." मला ते पटत नाही, पण पोरं अकरा-बारा वर्षांची आहेत हेही खरं. ज्यांनी असं पोरांना नेलंय त्यांनी कृपया लिहा.

---

गुरुजी_ब्रह्मपुरी

बाई, आधी तुम्ही एकट्या दोनदा जाऊन या. एकदा सकाळी आणि एकदा ऊन उतरल्यावर. दगड तोच असतो, पण सकाळी न दिसलेलं अक्षर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात उठून येतं. मी तेहेतीस वर्षं मास्तरकी केली आणि हे मला नवव्या वर्षी समजलं, तोवर पोरांना घेऊन भर दुपारी जायचो. उजेड सरळ पडत असेल तर घरचा भिंतीवरचा आरसा सोबत न्या. एका पोराला बाजूला उभं करून कवडसा दगडावर आडवा पाडायला सांगा. खोलगट अक्षरात सावली भरते आणि नाव वाचता येतं. हे काम वर्गातल्या सगळ्यात वांड पोराकडे द्या, तो तासभर हलत नाही.

झिजलेल्या दगडावर खडू घासू नका, पीठ चोळू नका, तारेच्या ब्रशला तर हातही लावू देऊ नका. आमच्याकडे एका उत्साही मंडळाने संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकून दगड 'स्वच्छ' केला होता. दगड पांढरा झाला आणि उरलीसुरली अक्षरंही गेली. साध्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे. मग पातळ कागद (पतंगाचा चालतो) चार बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा. कोरलेला भाग पांढरा राहतो, बाकी रंगतं. पेंटने भरलेल्या अक्षरावरही हे चालतं, कारण पेंट खोबणीत पूर्ण भरत नाही. पेंटर कसाही रंगवो, कागदावर छिन्नीचं अक्षर येतं.

विहिरीवरचं वर्ष शके असावं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. शके १८४५ असेल तर १९२३. संवत असेल तर ५७ वजा करा, महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. हे गणित आधी सांगू नका, तिथे कठड्याजवळ सोडवायला द्या. नावात 'वल्द' दिसलं तर तो अमक्याचा मुलगा. मध्यप्रांताच्या जुन्या कागदांत सगळीकडे सापडेल, पोरं मात्र ते आडनाव समजतात.

आता १९४२. तुमच्या सरांचा हेतू वाईट नाही, पण मी पूर्ण सांगायचो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्याआधी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी सगळा भाग पेटलेला. चिमूरमध्ये मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा पोरसवदा मुलगा पडला. त्यानंतर लोक चवताळले आणि सरकारी अधिकारी, शिपाई यांनाही मारलं. मग फौज आली आणि गावावर जे झालं त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. महाराजांनाही त्याच ऑगस्टात पकडून तुरुंगात ठेवलं होतं.

अधिकारी मारले गेले हे लपवलं तर पोरांना ते मोठेपणी कुठूनतरी कळतंच, आणि मग ती म्हणतात की गुरुजींनी अर्धं सांगितलं. मी सांगायचो आणि थांबायचो. एकदा एका पोराने विचारलं, "गुरुजी, त्या शिपायाची पोरं असतील नं?" मी म्हटलं, असतील. त्या दिवशी वर्ग बराच वेळ गप्प होता, आणि मी तो तास तसाच राहू दिला.

बाकी सावधगिरी तुम्हाला माहीतच. स्तंभाच्या मागे पावसाळ्यात गवत माजतं, पोरांच्या आधी काठी फिरवा. वर झाडावर आग्यामोहोळ आहे का पाहा. आणि रस्त्यात झुडपी जंगल असेल तर उन्हं वर आल्यावरच निघा. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्याला का ते सांगायला नको.

---

आष्टीवाला

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीहून लिहितो. गुरुजींनी सांगितलं तोच दिवस आमचाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, पोलीस ठाण्यावर मोर्चा, गोळीबार, आणि इथेही दोन्ही बाजूंची माणसं गेली. आमच्या गावाचं नावच आता आष्टी (शहीद) आहे. एसटीच्या पाटीवर सुद्धा तसंच लिहितात, त्यामुळे आमच्या पोरांना फलक शोधावा लागत नाही.

एक मात्र सुचवतो. 'आष्टी-चिमूर' हे दोन शब्द जोडून का बोलतात ते पोरांना नकाशावर दाखवा. दोन गावं, मधे कितीतरी अंतर, फोन नाही, आणि एकाच दिवशी तेच घडलं. पुढे दोन्हीकडच्या लोकांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळेंनी जिवाचं रान केलं आणि त्या फाशा टळल्या. माझ्या पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे फाशी झाली नाही तर त्यांचं नाव दगडावर राहील का?" प्रश्न चांगला होता.

तुमच्याकडे जवळपास हुतात्मा स्मारकाची इमारत असेल तर तीही घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर दोनशेच्या वर बांधली होती. बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं, किल्ली कोणाकडे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

---

नात_चिमूरची

माझ्या आज्याचं नाव स्तंभावर आहे. आजीचं नाही.

आजा तुरुंगात गेला, त्याचा कागद होता. १९७२ मध्ये ताम्रपट मिळाला, तो आमच्या घरी अजून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत आहे. निवृत्तिवेतनाची केंद्राची योजनाही त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाली. तिच्यात सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागे, बायकांसाठी पुढे तीन झाले. आजी एक दिवसही तुरुंगात गेली नाही. ती मागच्या दाराने रात्री भाकरी बाहेर देत होती, कोणाला ते तिने कधी विचारलं नाही. फौज आल्यावर तान्हं पोर घेऊन धानाच्या बांधीत लपून राहिली, वर पाऊस. त्याचा कागद कोण देणार?

म्हणून बाई, दगडापाशी संपवू नका. पोरांना नाव मिळालं की त्या घरी जाऊ द्या आणि "घरी तेव्हा कोण कोण होतं?" एवढंच विचारायला सांगा. कोण लढलं असं विचाराल तर पुरुषाचं नाव येईल. घरी कोण होतं म्हटलं की म्हातारी माणसं आपोआप बोलायला लागतात, कोणी चूल पेटवली, कोणी ढोरं सोडली, कोण रडलं.

पण एक हात जोडून सांगते. फौजेने बायकांचं काय केलं हे पोरांनी कोणत्याही म्हातारीला विचारू नये. माझी आजी मरेपर्यंत त्या दिवसांविषयी एक अक्षर बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. वर्गात तुम्ही म्हणा की गावावर, बायकांवर फार अत्याचार झाले, त्यासाठी एका माणसाने ६३ दिवस अन्न सोडलं. एवढं त्या वयाला पुरतं, आणि खोटंही नाही.

---

बंडीची_वाट

तुमच्या यादीत बुद्धविहार नाही. वगळलं असं मी म्हणत नाही, पण वाटेत नक्की असेल. विहाराच्या दाराशीही पाटी असते, वर्गणी देणाऱ्यांची. तिच्यापुढे पोरांना थांबवा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली हे सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला आले आणि तिथेही दीक्षा दिली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना सांगावं लागतं. माझी आई तेव्हा सात वर्षांची होती. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, शिदोरी, दोन बाया, चार पोरं, आणि बाकी सगळे पायी. ती सांगायची की वाटेत एका गावात पाणी मिळालं आणि एका गावात मिळालं नाही, आणि दोन्ही गावांची नावं तिला शेवटपर्यंत पाठ होती. अशा वाटेवर कोणी दगड रोवलेला नाही. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी ही गोष्ट असेल. स्तंभावर आपलं आडनाव न सापडलेलं पोर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, एवढंच.

---

सातवीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

गुरुजींनी सांगितलं तशी मी आधी दोनदा जाऊन आले. विहीर वाचली आणि आरसाही नेला. आरसा धरायचं काम ज्याला दिलं त्याला इतर दिवशी बाकावर बसवणं कठीण असतं. त्या दिवशी तो कवडसा सरकवत सरकवत स्वतःच नाव वाचायला लागला. विहिरीच्या दगडावर शके होता. ७८ ची बेरीज कठड्यावर कोळशाने कोणी करू नये म्हणून मी वह्या काढायला लावल्या. देणगी देणारी एक बाई निघाली. नाव अर्धं गेलंय, पण 'हिने' आणि 'पती'च्या नावापुढे 'स्मरणार्थ' वाचता येतं. इतकी वर्षं तिथे पाणी भरणाऱ्या बायांना आपण एका बाईच्या विहिरीवर पाणी भरतो हे माहीत नव्हतं. तिथेच बादली घेऊन उभ्या असलेल्या एक मावशी पदराने तो दगड पुसून गेल्या.

शिलाफलकापाशी फार थांबलो नाही. अक्षरं नवी, मजकूर वाचला, पोरांनी ओळखीची दोन नावं शोधली, पुढे निघालो.

विहारात मात्र ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. 'बंडीची वाट', तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही तिथून सरळ पुढे गेलो असतो. पाटीवरचं एक नाव सातवीतल्या मुलाच्या पणज्याचं. तो शाळेत क्वचितच बोलतो. मी चांद्याच्या दीक्षेचं बोलत होते, तर मधेच म्हणाला, "बाई, आमची बुढी गेली होती, पायी." बुढी म्हणजे पणजी, अजून आहेत, घर विहाराच्या मागेच. ३१ पोरं तिच्या अंगणात बसली. तिला ऐकायला कमी येतं, पोरगा तिच्या कानाशी ओरडून विचारत होता आणि तिचं उत्तर आम्हाला सांगत होता. वाटेत पायाला फोड आला, तो कुठल्या गावाजवळ आला ते तिने सांगितलं. वर्ग लिहीत होता, मी कोणालाही लिहायला सांगितलं नव्हतं.

स्तंभाशी पोहोचेपर्यंत साडेदहा झाले. पाच-पाचचे गट केले होते. पतंगाचा कागद वाऱ्याने फाटला, म्हणून शेवटी शाळेतला ट्रेसिंग पेपर वापरला, तो बरा पडला. गुरुजी, तुमचं खरं निघालं. एका नावात रंगाने 'व' आहे आणि कागदावर पोटातली तिरकी रेघ उमटली, म्हणजे 'ब'. पेंटरकडून कधीतरी ती रेघ राहिली असणार आणि नंतर दरवर्षी तोच 'व' गिरवला गेला. एका रेघेने आडनाव बदललं होतं. आता ऐका. मागच्या वर्षी "यायचं घर कोणतं" विचारणारी पोरगी ज्या नावावर बोट फिरवत होती, ते हेच नाव. आणि त्या 'ब'च्या आडनावाची घरं शेजारच्या पाड्यावर आहेत, आम्ही येताना तिथूनच आलो होतो.

टेम्पोवाल्याला थांबायला सांगून परत तिकडे गेलो. घरातल्या आजोबांनी आधी कागद हातात घेतला नाही. त्यांचा समज होता की बापाचं नाव सरकारने टाकलंच नाही. ते कोणालाच काही बोलले नव्हते. सुनेने चष्मा आणून दिला. मग त्यांनी अक्षर अक्षर बोट ठेवून वाचलं आणि 'ब'वर थांबले. पोरगी पुढे झाली आणि मला न विचारता म्हणाली, "आबाजी, घरी तेव्हा कोण कोण होतं?" आधी वर्गात मी हा प्रश्न तीनदा घोकून घेतला होता. आबाजी तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते एवढंच की आईने त्यांना कणगीत ठेवलं आणि वरून सूप झाकलं, आणि आत धानाचा वास होता. आईचं नाव विचारल्यावर ते सांगितलं. ते आम्ही त्याच कागदाच्या खाली, पेन्सिलीने, वेगळ्या ओळीत लिहिलंय.

चिमूरच्या ताई, तुमचं सांगणं पाळलं. फौजेविषयी वर्गात मी सांगितलं, घरी कोणी विचारलं नाही. शेजारच्या वर्गाच्या सरांनाही मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी पुढच्या शनिवारी आपला वर्ग न्यायचं ठरवलंय, आरसा मागून घेतलाय.

शिपायांविषयी मीही पूर्ण सांगितलं. एका मुलाने विचारलं, त्यांची नावं कुठे आहेत? मी म्हटलं या स्तंभावर नाहीत. त्याने वहीत एक ओळ रिकामी सोडली, मी ती तशीच ठेवायला सांगितली.

पेंटरचं काम ग्रामपंचायत देत नाही, पंचायत समिती देते, असं ग्रामसेवकांकडून कळलं. १५ ऑगस्टच्या आधी रंग लागतो. सोमवारी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आणि ट्रेसिंगची प्रत आम्ही तिथे दिली, आवक क्रमांक घेतला. मूळ कागद वर्गात फळ्याच्या उजवीकडे लावलाय. आबाजी शुक्रवारी सुनेसोबत येऊन पाहून गेले.